वाचणारीला

कौसे,

परवा बीडला तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या, कॉलेजची पोरं मागं भिंतीला टेकून उभी होती. तुला आतून आवडलं असतं, पण तू कबूल केलं नसतंस. येवढी माणसं पुस्तक निघतं तवा कुठं जात्यात, असं काहीतरी पुटपुटली असतीस आणि मी तुला कोपरानं ढोसलं असतं.

एक प्राध्यापक बोलले. माणूस चांगला, तुझं सगळं वाचलेला. बोलता बोलता ते तुझ्या लहानपणावर आले. ऊसतोडीच्या फडावर बापानं पोरीकडून तिच्याच लग्नाच्या होकाराचं पत्र लिहून घेतलं आणि त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं धिटाईनं मजकूर बदलून टाकला, हो च्या जागी नाही लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. हेच कौसल्याबाईंचं पहिलं बंड आणि पहिलं लेखन, असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

ती गोष्ट खोटी आहे हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि हार घातलेल्या तुझ्या फोटोला. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं. माझे गुडघे दुखतात, पण उठले नाही ते गुडघ्यांमुळे नाही. तू ते पत्र बदललंस असं कुणी म्हटलं की तुझ्या कपाळाची शीर ताठ व्हायची. फोटोतही ती मला दिसायला लागली. घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, आणि लिहायला बसले. आयुष्यभर तू लिहिलंस आणि मी वाचलं. आता उलटं झालंय, तर चुका काढू नकोस.

आपल्या गावात पोस्ट म्हणजे आमच्या घराची पडवी. भिंतीला लाल पेटी, आत शाईचा वास, आणि माझे वडील शिक्के मारायला. त्यांची नजर लवकर अधू झाली, म्हणून आलेली पत्रं लोकांना वाचून दाखवायचं काम मी चौथीत असतानाच माझ्याकडं आलं. वडिलांनी मला एकच गोष्ट बजावली होती. पत्र वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं काही घालायचं नाही. शिवी असेल तर शिवी वाचायची, मरण असेल तर मरण वाचायचं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले. तुझ्या घरचे आधी खडी फोडायला गेले, मग तुझ्या वडिलांनी, बापूंनी, मुकादमाचं ऐकलं आणि दिवाळीनंतर तुमचं सगळं बिऱ्हाड बैलगाडीवर चढलं. तू माझ्या शेजारी बसायचीस, एका पाटीवर आपण दोघी गणितं सोडवायचो. तू गेलीस आणि गुरुजींनी तुझी जागा दुसऱ्या पोरीला दिली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिची काय चूक होती बिचारीची.

मग फडावरून पत्रं यायला लागली आणि प्रत्येकावर तुझं अक्षर. ऊस तोडायला गेलेल्या आपल्या गावच्या टोळीत लिहिता येणारी तू एकटी. तुम्ही पोरं दिवसभर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचात, त्यानं मोळ्या बांधायचात, आणि संध्याकाळी चुलीच्या उजेडात टोळीतली माणसं तुझ्यासमोर ओळीनं बसायची. कुणाला म्हातारीची खबर हवी, कुणाला शेळी व्याली का ते विचारायचं. तू जसं बोललं तसंच लिहायचीस. वर शाळेत शिकवलेलं "पत्र लिहिण्यास कारण की", आणि खाली थेट माणूस. टोळीतल्या कमलकाकीचं पत्र मी वाचलं की तिची सासू दाराकडं बघायची, काकी बाहेर उभी आहे की काय म्हणून. मला तेव्हा वाटायचं हे सोपं आहे. पुढं तीस वर्षं मास्तरीण म्हणून पोरांचे निबंध तपासले, तेव्हा कळलं की असं एक वाक्य लिहायला माणसाला आयुष्य पुरत नाही.

आणि कोपरा. पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूला डावीकडं खाली बोटभर जागा उरायची. तिथं तू बारीक अक्षरात माझ्यासाठी एक ओळ लिहायचीस. सुरुवात ठरलेली, वाचणारीला. "वाचणारीला: इथल्या उसाला तुरे आलेत, गावात काय आलं?" "वाचणारीला: आईनं आज मुकादमाला जी शिवी दिली ती कार्डावर बसत न्हाई, आल्यावर सांगते." "वाचणारीला: हे हळू वाच, म्हातारीला कमी ऐकू येतं." ती ओळ मी कुणाला वाचून दाखवत नसे. लोक म्हणतात तुझं पहिलं लेखन अमुक मासिकात आलं. माझ्या मते तुझं पहिलं लेखन त्या बोटभर जागेत आलं, आणि त्याची वाचक मी एकटी होते. मला याचा अजून गर्व आहे.

तिसऱ्या हंगामात ते कार्ड आलं. बापूंनी तुझ्या चुलत्याला, गणपतकाकांना पाठवलेलं.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे आपल्याकडच्या लेकराला पाळण्यातच कळतं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तेराव्या वर्षी तू अर्ध्या कोयत्याएवढी झाली होतीस, आणि शेजारच्या वाडीतल्या एका पोराचा दुसरा अर्धा तयार होता. गणपतकाका दोन महिने त्या लोकांना झुलवत होते, भाऊ काय म्हणतो ते कळू दे म्हणून. भावाचं म्हणणं त्या कार्डावर होतं, तुझ्या अक्षरात, एकही काना-मात्रा न चुकता.

ते पत्र कसं लिहिलं गेलं ते तू मला फार नंतर सांगितलंस. बापू सांगताना तीनदा थांबले. एकदा बैलाला चारा टाकून आले, एकदा चिलीम शोधली, आणि एकदा नुसतेच थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "लिवलं का?" तू म्हणालीस, "लिवलं." तू रडलीस का असं मी विचारलं तर माझ्यावरच डाफरलीस. शाई पसरली असती की, म्हणालीस.

इकडं मी ते कार्ड घेऊन तुझ्या चुलत्याच्या ओट्यावर उभी. आधी सवयीप्रमाणं कोपरा बघितला. कोपरा मोकळा होता.

मला त्या मोकळ्या जागेची जी भीती वाटली ती आज सांगूनही कळणार नाही. सगळ्या कार्डांत असं पहिल्यांदा झालं होतं. तिथं तू रडगाणं लिहिलं असतंस, मला वाचव असं लिहिलं असतंस, तर कदाचित मी घाबरून सगळं जसंच्या तसं वाचलं असतं. वडिलांचा धाक तेवढा होता. पण तू काहीच लिहिलं नव्हतंस. मी मजकुरावर नजर टाकली आणि मला कळलं की तिथं लिहायला तुझ्याजवळ काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

बापूंनी लिहिलं होतं, पोराकडल्याला व्हय म्हण. मी मोठ्यानं वाचलं, पोराकडल्याला एक साल थांब म्हण, पोरीची सातवीची परीक्षा होऊ दे. माझा आवाज नेहमीपेक्षा ठणठणीत निघाला, मलाच नवल वाटलं. गणपतकाका म्हणाले, बरं. त्यांनी भिंतीवरच्या तारेत ओवायला कार्ड मागितलं. शिक्का नीट उमटला नाही, वडिलांना दाखवून आणते, असं सांगून मी ते परकराच्या ओच्यात घातलं आणि घरी पळाले. ते कार्ड परत त्या तारेत गेलं नाही.

पोराकडचे थांबले नाहीत. त्यांनी महिन्याभरात दुसरीकडं सुपारी फोडली. मला वाटलं, झालं, मी जिंकले. तेरा वर्षांच्या पोरीला तेवढंच दिसतं.

पाडव्याला टोळी परतली आणि खरं काय झालं ते मला दिसलं. दोघे भाऊ अंगणात उभे. गणपतकाका शपथा घेतात, पत्रात थांब असंच लिहिलं होतं. बापू म्हणतात, मी व्हय सांगितलं. कार्ड शोधलं, तारेत नाही; मी ते नेलं होतं हे गणपतकाकांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी तुमच्या कुडाआड उभी होते. दोघांनाही वाचता येत नव्हतं, दोघेही खोटं बोलणारे नव्हते. मग राहिलं कोण? पोस्टमास्तरांच्या पोरीचा संशय कुणाच्या मनातही आला नाही. बापू तुझ्याकडं वळले. त्यांनी हात उचलला नाही. हात उचलला असता तर बरं झालं असतं, असं तू नंतर म्हणायचीस. ते फक्त म्हणाले, "माझ्या तोंडात माझं न्हाई ते घातलंस."

तू म्हणालीस, "न्हाई." दुसरं काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि कुडाआडून मी पुढं आले नाही. आले असते तर वडिलांचं पोस्ट गेलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण पहिली गोष्ट म्हणजे मी भ्याले होते.

लग्न मोडलं होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात तू सातवीची परीक्षा दिलीस आणि तालुक्यात वर आलीस. सगळ्या गावानं पेढे खाल्ले, आणि त्याच गावानं तुझ्यावरचा विश्वास काढून घेतला. पुढच्या हंगामात फडावर कुणीही तुझ्यासमोर पत्र लिहून घ्यायला बसलं नाही. पोरगी आपल्या मनचं लिवती, असं टोळीत ठरलं. कमलकाकीसुद्धा मुकादमाच्या कारकुनाकडं गेली. त्याची पत्रं मी वाचायचे. "इकडील सर्व क्षेम." सगळ्यांची पत्रं सारखी. म्हातारी दाराकडं बघायची थांबली.

तुझ्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. मग तू काय केलंस ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, फक्त का केलंस ते ठाऊक नाही. तुम्ही ज्याचा ऊस तोडायचात त्या सहकारी कारखान्याची जुनी कॅलेंडरं कोपीच्या, तुमच्या फडावरच्या खोपटाच्या, भिंतींना वारा अडवायला लावलेली असायची. बारा पानांवर बारा वेळा चेअरमन हात जोडून उभे. तू ती पानं सोडवलीस आणि चेअरमनांच्या पाठीवर लिहायला लागलीस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाचणारं नव्हतं. चुलीपुढं बाया काय बोलल्या, शब्दाला शब्द. कुणी येऊन म्हणालं असतं की तू बदलतेस, तर दाखवायला पुरावा हवा म्हणून. बापूंना पानं दाखवलीस तेव्हा ते म्हणाले, मला कुठं वाचता येतंय. तरी तू थांबली नाहीस. पुढं आठवीला बीडच्या वसतिगृहात आलीस तेव्हा तुझ्या पत्र्याच्या पेटीत कपडे कमी आणि चेअरमन जास्त होते.

तुझं पहिलं पुस्तक त्या पानांतून आलं. एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकानं ते स्वीकारलं आणि पत्र लिहिलं, भाषा थोडी सुधारून घेऊ, वाचकाला कळली पाहिजे. मी तुला म्हटलं, घे की सुधारून, पुस्तक तर निघेल. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी हातातला कप खाली ठेवला. ज्यांनी सांगितलं त्यांचं ते हाय, मला बदलायचा हक न्हाई, असं म्हणून तू हस्तलिखित परत मागवलंस. चार वर्षं ते पुन्हा पत्र्याच्या पेटीत पडलं. त्या चार वर्षांतलं एक अख्खं वर्ष तू माझ्याशी धड बोलली नाहीस. "तू पत्र वाचतीस का परसाद वाटतीस?" हे तुझं ठरलेलं वाक्य. कुणाचं वाईट दिसू नये म्हणून मी काही गाळायला सांगितलं की तू ते मला ऐकवायचीस.

कौसे, तुझा तो हट्ट कुठून आला हे मला ठाऊक होतं. परीक्षक, समीक्षक त्याला निष्ठा म्हणायचे, बोलीचा अभिमान म्हणायचे. माझ्या लेखी ती अंगणातल्या एका शब्दाची साक्ष होती. तू म्हणालेल्या त्या "न्हाई"ची. पुस्तकामागून पुस्तक लिहून तू बापूंना सांगत होतीस की मी बदलत नसते. आणि बापू पारावर बसून कौतुकानं म्हणायचे, "माझी पोर लिवती. पर तिचं तिचंच लिवती." कौतुकात तेवढा काटा राहायचा. ते तसेच गेले. त्यांच्या दहाव्याला मी कार्ड पिशवीत घालून तुझ्या दारी आले होते आणि तसंच परत नेलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

बापूंवरून आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, तू त्यांना पुस्तकात फार सहज सोडलंस. स्वतःच्या लेकीला तिच्याच हातानं असलं पत्र लिहायला लावणारा बाप, त्याच्यावर राग का नाही? तू म्हणायचीस की तो तीनदा थांबला, ते मी लिवलंय, राग येणाऱ्याला येईल. मला अजूनही वाटतं तू चूक होतीस. आणि अजूनही ते प्रकरण वाचताना मी त्या तिसऱ्या थांबण्यापाशी थांबते.

मग आला तो दिवस. त्याच कारखान्याचं तुला बोलावणं आलं. गळीत हंगामाची पहिली मोळी तुमच्या हस्ते टाकायची, म्हणाले. कॅलेंडरावरच्या चेअरमनांचा मुलगा आता चेअरमन होता. तू एक अट घातलीस. आपल्या टोळीतली जी माणसं उरलीत, ती सगळी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली पाहिजेत. त्यांनी मान्य केलं आणि गाडी पाठवतो म्हणाले. गाडीनं टोळीला जाऊ द्या, मी यष्टीनं येते, असं तू कळवलंस.

मी आष्टीला तुझ्या बसमध्ये चढले. सगळ्या रस्त्याभर तू नव्या नऊवारीचा काठ चिमटीत धरून बसली होतीस, म्हणजे घाबरली होतीस. कडा गाव मागं पडलं आणि मी पिशवीतून कार्ड काढून तुझ्या मांडीवर ठेवलं. का त्याच वेळी, ते मला सांगता येणार नाही. कदाचित पुढच्या रांगेत ती माणसं बसणार आहेत हे डोक्यातून जात नव्हतं म्हणून.

तू मजकूर वाचलास. उलटं केलंस. पत्ता वाचलास, कोपरा बघितलास. मग म्हणालीस, "हे कुठं व्हतं?"

"माझ्याकडं."

"कावून?"

मी सगळं सांगितलं. शिक्क्याचं, ओच्याचं, कुडाचं. तू नगरपर्यंत खिडकीबाहेर बघत होतीस. मी मनात म्हटलं, संपलं आपलं. स्टँडवर उतरल्यावर तू दोन चहा सांगितलेस, एक माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, गरम हाय. आनंदानं माझं तोंड भाजलं.

कारखान्यावर मांडव, फुलं, बँड. गव्हाणीपाशी, जिथून ऊस यंत्रात जातो तिथं, तुझ्यासाठी मोळी तयार ठेवलेली, पाच-सात धुतलेले ऊस आणि त्यांना जरीची लाल फीत. तू ती फीत सोडवून शेजारच्या साहेबांच्या हातात दिलीस आणि वाढं मागितलंस. धावपळ झाली. कुणीतरी हिरव्या वाढ्याची मूठ आणून दिली. तुझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात, ती खुर्चीतून उठली, तुझ्या हातातलं वाढं ओढून घेतलं आणि त्याला असा पीळ दिला की फोटो काढणारा बघतच राहिला. माय-लेकींनी मिळून मोळी आवळली. तू ती डोक्यावर घेतलीस आणि गव्हाणीत टाकलीस. ऊस खाली गेला, चाकं फिरली, भोंगा झाला.

मग तू माईकपाशी गेलीस. लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहिलं. तू कार्ड काढलंस आणि वाचलंस. "पत्र लिहिण्यास कारण की"पासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत, बापूंच्या बोलण्यात, जिथं ते थांबले तिथं थांबून. मांडवात बँडवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली ठेवली होती. वाचून झाल्यावर तू पुढच्या रांगेकडं बघितलंस आणि म्हणालीस, "हे बापू बोलला, मी लिवलं. ह्यात माझं एक अक्षर न्हाई. तुमचीबी समदी पत्रं अशीच लिवली व्हती."

माझं नाव तू घेतलं नाहीस. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, तू एकदाही तिकडं बघितलं नाहीस.

तुझी आई पदरात तोंड घालून बसली. आणि कमलकाकी, तिला आता नीट दिसतही नव्हतं, ती काठी टेकत उठली. सगळ्यांना वाटलं हार घालायचा असेल. ती स्टेजच्या कडेला आली आणि म्हणाली, "कौसे, माझं येक पत्र ऱ्हायलंय. लिवून दे."

तू खाली बसलीस. स्टेजच्या कडेवर, पाय सोडून, त्या नव्या नऊवारीसकट. चेअरमनांकडं पेन मागितलंस. कागद नव्हता तर निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला घेतलंस. मंत्र्यांची वेळ, सत्कार, आभार, सगळं थांबलं. ती बोलत होती, तू लिहीत होतीस, मध्येच विचारत होतीस, मंग पुढं? पत्र कुणाला आणि काय, ते मला ऐकू आलं, पण मी सांगणार नाही. काकीच्या मागं टोळीतला सखाराम उठला, मग त्याची बायको. चाळीस वर्षांनी टोळी पुन्हा तुझ्यासमोर ओळीनं उभी राहिली होती. तुला पुढं पुरस्कार मिळाले, शाली मिळाल्या, विद्यापीठानं बोलावलं. त्यातल्या एकाही दिवशी तुझा चेहरा तसा झाला नाही. मी डोळे पुसले नाहीत, नीट दिसावं म्हणून.

परतीच्या बसमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलीस. आष्टी जवळ आली तशी उठलीस, कार्ड माझ्या हातात परत दिलंस आणि म्हणालीस, उतर आता, नायतर बीडला नेते. मी घरी जाऊन दिव्याखाली बघितलं. चेअरमनांच्या निळ्या पेनानं कोपरा भरलेला होता.

त्यानंतर सात वर्षं आपल्याला मिळाली. आपण भांडलो, हुरडा खाल्ला, तुझं प्रत्येक नवं हस्तलिखित मी आधी वाचलं आणि तू माझी एकही सूचना ऐकली नाहीस. दोनदा मी माफी मागायला तोंड उघडलं. एकदा तू मला चष्मा शोधायला लावलास, एकदा शेजारणीच्या सुनेचा विषय काढलास. तुला ते शब्द नको होते हे मी समजले. पण आपल्या गोष्टीत माझं नाव तू कायम गाळलंस, आणि त्याची किंमत म्हणून, तू मांडवात कार्ड वाचूनही, बाहेरचे लोक तुझ्या नावावर माझी लबाडी खपवत राहिले. माझ्यासाठी एवढं एक तू बदललंस. परसाद तूही वाटलास, कौसे, हा वाद मी जिंकला.

तर प्राध्यापकसाहेबांनी आणि सगळ्यांनी ऐकावं. कौसल्यानं पत्र बदललं नाही. आपलंच लग्न ठरवणारा शब्द तिनं बाराखडी न चुकता लिहिला आणि पुढं जन्मभर तशीच लिहीत राहिली. एवढा मोठा दम असलेलं बंड दुसरं मी पाहिलं नाही. मजकूर मी बदलला, मी, पोस्टमास्तरांची सुमन. बापूंची आणि गणपतकाकांची मी अपराधी आहे. तुझी आहे का, ते तूच ठरवून ठेवलंयस.

त्या दिवशी ओट्यावर जे वाचायचं राहिलं ते आज वाचते. कार्ड समोर आहे, कडा झिजल्यात, शाई तांबूस झालीय, शिक्का स्पष्ट आहे.

"चि. गणपत यास अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आमी समदे खुशाल हाव. ऊस लई हाय, काम आटपत न्हाई. ढवळ्याचा खूर दुखावला व्हता, आता बरा हाय. पोराकडल्याला व्हय म्हण. लई दिवस थांबलेत. आमी पाडव्याला येतो, मंग सुपारी फोडू. आखितीला लगीन लावू. कौसीला शाळंतनं काढली हाय. लेकरास्नी आशीर्वाद. तुजा भाऊ किसन."

आणि मागं, पत्त्याच्या बाजूला, डावीकडं खाली, निळ्या शाईत:

"वाचणारीला: कोपरा बरोबर वाचलास."

वाचून झालं, कौसे. या वेळी एक अक्षरही बदललेलं नाही.

तुझी,
सुमी